'आउट'चा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरून काम करणं चांगलं की वाईट, या वादात मला पडायचं नाही. दोन्ही बाजूंची मंडळी शिकलेली आहेत आणि आपापल्या परीनं बरोबरही असावीत. मला फक्त एका रकान्याबद्दल लिहायचं आहे.

मी ३२ वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. आधी मस्टर क्लार्क, शेवटची १४ वर्षं टाइमकीपर. फाटकाशेजारची खोली, भिंतीवर कार्डांचा रॅक, मधोमध पंचिंगचं घड्याळ. माणूस आत आला की कार्ड घड्याळात घालायचा, खट्ट आवाज व्हायचा आणि वेळ छापली जायची. जाताना पुन्हा खट्ट. वेळेवर आलेल्याची वेळ निळ्या शाईत, उशिरा आलेल्याची लाल. महिनाअखेर आम्ही ती कार्डं मांडून तास काढायचो, ओटी म्हणजे ओव्हरटाइम काढायचो, अर्ध्या दिवसाच्या रजा जुळवायचो. या कामाला बुद्धी फार लागत नाही, पण एक खोड जडते. कुणी आलं-गेलं की नजर आपोआप घड्याळाकडे जाते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, खोड काही गेलेली नाही.

घरात आम्ही पाच जण. मुलगा संगणकाच्या कामात आहे, त्याचे ग्राहक दुसऱ्या खंडात असतात. सून विम्याचे दावे तपासते. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात जाते, तीन दिवस घरून काम करते. नात सात वर्षांची. आणि आम्ही दोघं म्हातारे. खोल्या तीन.

तर एके दिवशी मी जुन्या डायरीची उरलेली पानं घेतली आणि रकाने आखले. तारीख, इन, आउट, शेरा. लॅपटॉपचं झाकण उघडलं की इन, मिटलं की आउट, असा नियम माझा मीच ठरवला. कुणाला सांगितलं नाही. खरं तर वेळ जात नव्हता म्हणून केलेला चाळा होता.

पहिल्या दिवशी इन ८.५०. संध्याकाळी ६.४० ला झाकण मिटलं, मी समाधानानं आउट लिहिलं. ९.१५ ला ते पुन्हा उघडलं. "दोनच मिनिटं," मुलगा म्हणाला. ११.०५ ला मिटलं. मी आधीचं आउट खोडलं आणि नवं लिहिलं. मस्टरवर खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागायची, म्हणून सवयीनं सहीही ठोकली. त्यानंतर अंधारात त्याच्या फोनचा उजेड दिसला, तो कुठल्या रकान्यात धरायचा ते मला कळेना.

आठवडाभरात रकाने अपुरे पडू लागले. कारखान्यात माणसाचे दिवसाला दोन ठोके, जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर गेलाच तर चार. इथे एका बुधवारी मी अकरा नोंदी केल्या, आणि तेही फक्त झाकणाच्या.

मराठीत शाळा सुटते, ऑफिस सुटतं, पाळी सुटते. सुटणाऱ्याच्या अंगावर ते दिसायचंसुद्धा. सकाळी पाय ओढत आत आलेले लोक दुपारी तीनला पहिली पाळी सुटली की एकमेकांना ढकलत फाटकाबाहेर पडायचे. माझ्या घरात काम आटोपतं, थांबतं, उद्यावर जातं, पण ते सुटल्याचं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मुलगा रात्री खोलीबाहेर येतो तेव्हा म्हणतो, "झालं आजचं." त्यातलं 'आजचं' मला खटकतं.

माझी वही सुनेनं पहिल्यांदा पाहिली. ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना या विषयावरचे काही अभ्यास छापून घेऊन आली. ती वाचणारी आहे. मीही चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसलो. २०२० च्या टाळेबंदीत १६ शहरांतल्या ३१ लाखांहून अधिक नोकरदारांच्या मेल आणि मीटिंगांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत दिवसाच्या पहिल्या मेल-मीटिंगपासून शेवटच्यापर्यंतचा वेळ सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबलेला निघाला. पहिला इन आणि शेवटचा आउट यांतलं अंतर धरायचं, ही त्या संशोधकांची रीत थेट माझ्या वहीसारखी आहे हे वाचून मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

दुसरी पाहणी २७ देशांतली होती, २०२१-२२ ची. घरून काम केल्यामुळे जाण्यायेण्याची दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात, असं तिच्यात निघालं. मग ती मिनिटं जातात कुठे? ४० टक्के पुन्हा कामातच, ३४ टक्के विरंगुळ्यात, ११ टक्के मुलाबाळांच्या आणि घरच्यांच्या देखभालीत. नुसत्या टक्क्यांनी माझं समाधान होत नाही, मी मिनिटं काढतो. साधारण २९ मिनिटं कामाला, साडेचोवीस स्वतःला, आणि आठ मिनिटं लेकरांना नि म्हाताऱ्यांना.

या आठ मिनिटांना मी नाक मुरडणार नाही. माझ्या वेळी ती आठही नव्हती. मुलगा लहान असताना मी सलग चार वर्षं दुसऱ्या पाळीला होतो. तीनला आत, अकराला बाहेर, घरी पोहोचेपर्यंत बारा. सकाळी मी उठायच्या आत तो शाळेत गेलेला असायचा. त्या चार वर्षांत रविवार सोडले तर मी त्याला आडवाच पाहिला. अंथरुणात त्याचे पाय दरवर्षी थोडे आणखी खाली सरकायचे, त्यावरून पोरगं वाढतंय एवढं कळायचं. तोच मुलगा आज दुपारी दोन मिनिटं बाहेर येऊन स्वतःच्या मुलीची चित्रं बघतो. हे मला कमी वाटत नाही.

गेल्या वर्षी सौ. न्हाणीघरात पाय घसरून पडली. मुलगा वीस सेकंदांत पोहोचला. मी कामावर असताना असा निरोप आला असता तर गेटपास निघायलाच अर्धा तास गेला असता. गेटपास लिहिणारा मीच होतो, मला माहीत आहे. पुढचे सहा आठवडे सकाळच्या व्यायामाला तो तिचा हात धरून उभा राहायचा. कानात यंत्र, तिकडचं बोलणं चालू, पण हात घट्ट धरलेला. आणि सून तर बाळंतपणानंतर नोकरी सोडणारच होती. घरून काम मिळालं म्हणून टिकली. तेव्हा 'सगळ्यांना परत ऑफिसात बोलवा' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका.

पण जाण्यायेण्यात नुसता वेळच जायचा असंही नाही. आमची कंपनीची बस होती, पन्नास मिनिटांची. साहेबाशी झालेली कटकट पहिल्या दोन थांब्यांत तोंडावाटे बाहेर पडायची, पुढच्या तीन थांब्यांत डुलकी लागायची, आणि उतरेपर्यंत माणूस निम्मा तरी रिकामा झालेला असायचा. मुलाच्या खोलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत सात पावलं आहेत. मी मोजली आहेत. सात पावलांत काय उतरणार? मीटिंगमध्ये ज्या आवाजात तो कुणाला तरी कामाला लावत असतो, त्याच आवाजात टेबलाशी येऊन मुलीला विचारतो, "गृहपाठ कुठवर आलाय?" आणि तीही त्याच आवाजात उत्तर देते, "चालू आहे, संध्याकाळपर्यंत होईल."

आता सौ.ची बाजू. सुनेनं आणलेल्या कागदांत ती मला कुठे सापडली नाही.

ती आयुष्यभर घरात राबली. पण रोज सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच तिला असं एक घर मिळायचं, ज्यात ती एकटी असे. पाय पसरून बसणं, मोठ्यानं लावलेला रेडिओ, बहिणीशी फोनवर तासभर बोलणं, मनात आलं तर गाणं. मी निवृत्त झालो तेव्हा त्यातलं निम्मं मी खाल्लं. उरलेलं निम्मं २०२० मध्ये गेलं. आता दुपारी आमच्या घरात चार-चार माणसं असतात आणि आवाज एकाचाही नसतो. दाराची घंटा बंद करून ठेवली आहे. टीव्ही मुका चालतो, खालची अक्षरं वाचायची. मिक्सर लावण्याआधी ती दोन्ही दारांशी जाऊन भुवया उंचावते आणि आतून मान हलली तरच बटण दाबते. बहिणीशी बोलायला जिन्यात जाऊन बसते. मला जुना खोकला आहे. उबळ आली की मी न्हाणीघरात शिरतो, नळ सोडतो आणि मग खोकतो. एकदा नळ सोडायला विसरलो, तर मुलाच्या मीटिंगमधल्या कुणा परक्या माणसानं माझ्या तब्येतीची चौकशी केली म्हणे.

"तुम्ही निवृत्त झालात ते आपण दोघं यांच्या हाफिसात शिपाई म्हणून लागायला का?" असं ती एकदा मला म्हणाली. रागानं नाही. जिन्यातून परत येत होती, गुडघा धरून. तिची नोंद करायला माझ्या वहीत रकानाच नव्हता. तिचा इन केव्हा झाला हेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

नातीनं मला दाराची भाषा शिकवली. बाबाचं दार पूर्ण मिटलेलं असलं म्हणजे कॅमेरा चालू आहे. वीतभर उघडं म्हणजे तो ऐकतोय पण बोलत नाहीये. अर्धं उघडं म्हणजे नुसतं टाइप करतोय, आत गेलं तरी चालेल, पण हळू. फाटकावर ३२ वर्षं काढलेल्या माणसाला हे सात वर्षांच्या पोरीनं समजावून सांगावं!

"आणि आईचं दार?" मी विचारलं.

"आईच्या दाराला काही नसतं आजोबा," ती म्हणाली, "तिथे जायचंच."

म्हणून मी आणखी एक रकाना आखला: टकटक. दोघंही घरून काम करत होते असा एक गुरुवार धरला. दिवसभरात मुलाच्या दारावर ४ वेळा, सुनेच्या दारावर १७ वेळा. मुलाच्या चारही वेळा काही ना काही निकड होती. सुनेच्या सतरांत धोब्याचा हिशेब होता, नातीची पेन्सिल होती, पाहुण्यांचा फोन होता. त्या सतरांतल्या पाच टकटकी माझ्या. चष्म्याचं घर कुठे ठेवलंय, हे विचारायला त्यातली एक. चष्मा नाकावर होता आणि मी घर शोधत होतो. नोंद करताना कुणाच्या नावापुढे काय लिहायचं याबाबतीत मी नोकरीत कधी भीडभाड ठेवली नाही, म्हणून हेही लिहितो.

सुनेला ऑफिसचे ते दोन दिवस हवे असतात. जायला सव्वा तास लागतो, तरी. "तिथे मी कामावर आहे हे सगळ्यांना दिसतं, बाबा," ती म्हणते. तिनं आणलेल्या कागदांत चीनमधल्या एका प्रवास कंपनीचे दोन प्रयोग होते. पहिला २०१०-११ मधला, फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्यांचा. तयारी दाखवणाऱ्यांतून ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. काम १३ टक्के वाढलं. हा आकडा पुष्कळ मिरवला जातो. पण त्याची फोड केली तर त्यातले सुमारे ९ टक्के पाळीत जास्त मिनिटं काम झाल्यामुळे आलेले आहेत: मधली विश्रांती कमी, आजारपणाच्या रजा कमी. टाइमकीपर याला हात चालवण्याचा वेग वाढला असं म्हणणार नाही. मिनिटं वाढली. शिवाय घरी काम करायला स्वतंत्र खोली असली पाहिजे, ही अट होती. प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला आपली जागा पुन्हा निवडू दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी ती बदलली. घरी फार एकटं वाटतं, ही मोठी तक्रार होती. आणि गंमत पाहा, लोकांनी आपापली निवड केल्यावर फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला. त्याच कंपनीतला दुसरा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १,६१२ कर्मचारी, त्यांतल्या काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम. त्यांच्यात नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशानं घटले, बढत्यांत आणि कामाच्या गुणांत फरक पडला नाही.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते विचारण्यावर. आमच्या घरात मुलाला त्याच्या कंपनीनं विचारलं, सुनेला तिच्या कंपनीनं विचारलं. सौ.ला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा.

घरून काम हा प्रकार लॅपटॉपवाल्यांनी शोधला असं आजच्या पोरांना वाटतं. माझी आई काजं-बटणं करायची. ठेकेदाराचा माणूस शर्टांचा गठ्ठा टाकून जायचा, दोन दिवसांनी न्यायला यायचा, पैसे नगावर. मी संध्याकाळी दहा-दहा सुयांत दोरा ओवून त्या उशीला टोचून ठेवायचो, म्हणजे रात्री तिला दिसेनासं झालं तरी मला उठवावं लागू नये. ती केव्हा सुटायची? गठ्ठा संपला की. आणि गठ्ठा संपला की दुसरा यायचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबानं २०१९ मध्ये, म्हणजे महासाथीच्या आधीच, जगात सुमारे २६ कोटी लोक घरी बसून काम करत होते आणि त्यांत ५६ टक्के बायका होत्या. अशांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी म्हणून या संघटनेनं १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. फार थोड्या देशांनी तो मान्य केला आहे. आईच्या आउटची वेळ कुणी लिहिली नाही. तेव्हा मलाही लिहिता येत नव्हतं.

मुलाला वही सापडली तेव्हा मोठी कटकट झाली. "बाबा, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय?" तो म्हणाला. "तिकडे ते बघतात माऊस हलतोय का, इकडे तुम्ही." त्याच्या स्क्रीनवर नावाशेजारी एक हिरवा ठिपका असतो, काही मिनिटं हात लागला नाही की तो पिवळा होतो. जेवताना डाव्या हातानं माऊस ढकलताना मी त्याला पाहिलेलं आहे. त्यामुळे त्याचं बोलणं मला लागलं, पण उत्तर सुचेना. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एका घरात, दिवसभर, सात पावलांवर राहून न बोलणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. पूर्वी निदान तो ऑफिसला तरी गेला असता.

तिसऱ्या दिवशी मी त्याला कारखान्यातली एक हकिगत सांगितली. लेथवर काम करणारा एक कामगार होता. एका महिन्यात तीन रात्री सुपरवायझरनं त्याला तोंडी सांगून थांबवून घेतलं. पगारात ओटी आला नाही. सुपरवायझर म्हणाला, मी थांब म्हटलंच नव्हतं, हा आपल्या मनानं रेंगाळला असेल. त्या माणसाकडे साक्षीदार नव्हता. कार्ड होतं. ११.५०, १२.१०, ११.४०. मी ते साहेबाच्या टेबलावर ठेवलं. युनियनचा माणूस सोबत आला होता, त्याला तोंड उघडावं लागलं नाही. पैसे मिळाले. टाइमकीपर म्हणजे मालकाचा माणूस, असं सगळे समजायचे आणि तोपर्यंत मीही समजत होतो. पण कार्डांचा रॅक उघड्यावर होता. ज्याचं कार्ड तोही वाचू शकायचा, साहेबही. तुझा तो ठिपका, मी मुलाला म्हटलं, फक्त पलीकडून वाचता येतो. तू बसला होतास की नाही हे तो त्यांना सांगतो. रात्री अकराला तू बसलेला होतास, हे तुझ्या बाजूनं तो कुणाला सांगणार आहे?

मुलानं वही घेतली आणि पानं उलटली. आठवड्यांची बेरीज मी खाली लिहिली होती: ५१, ५४, ५८, ५३. त्यातल्या ५८ भोवती पेन्सिलीनं गोल केला होता. का, ते त्यानं विचारलं नाही. सुनेच्या कागदांत जागतिक आरोग्य संघटना आणि कामगार संघटना यांचा २०२१ चा अहवाल होता. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तो वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

'कामानंतर फोन नको' असे कायदे आता काही देशांत झाले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याबाबत कामगार प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालनं २०२१ मध्ये कायदा केला, ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये. चांगलंच आहे. पण नुसत्या मनाईवर माझा फारसा विश्वास नाही. 'पाळीनंतर कुणीही आत थांबू नये' असा फलक आमच्या कारखान्यात होताच, आणि त्याच्याखाली उभं राहूनच लोकांना थांबवून घेतलं जायचं. ते कमी झालं ओटीचा दर वाढल्यावर, कारण मग प्रत्येक तासाचा जाब सुपरवायझरला वर द्यावा लागायचा.

मला पटतो तो युरोपीय न्यायालयाचा १४ मे २०१९ चा निकाल. स्पेनमधल्या एका कामगार संघटनेनं एका बँकेविरुद्ध दावा लावला होता. न्यायालयानं सांगितलं की रोज किती तास काम झालं हे मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि पाहता येईल अशी पद्धत मालकानं ठेवलीच पाहिजे. तशी पद्धत नसेल तर तासांची मर्यादा पाळली गेली की नाही हे ठरवायचं कशावरून? माझ्या नोकरीबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

आणि कृपा करून हे अवघड आहे असं कुणी सांगू नये. हजेरीचं घड्याळ १८८८ मध्ये विलार्ड बंडी नावाच्या एका अमेरिकन जवाहिऱ्यानं बनवलं. त्याचा धंदा पुढे इतरांत मिसळत गेला, १९११ मध्ये त्यातून एक मोठी कंपनी उभी राहिली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. म्हणजे संगणकाच्या धंद्याचं एक मूळ आमच्या टाइम ऑफिसात आहे. शेवटची कळ कितीला दाबली गेली हे संगणकाला सेकंदापर्यंत ठाऊक असतं. आउटचा रकाना भरायचा नाही असं ठरवलेलं असतं, एवढंच.

तेव्हा कामगार कायदे करणाऱ्यांपर्यंत आपण एवढं पोहोचवावं ही विनंती: घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचं एक कार्ड असावं, त्यावर सुरुवात, मधली सुट्टी आणि शेवट असावा, ते दोन्ही बाजूंना सारखंच वाचता यावं, आणि शेवटानंतरचं प्रत्येक मिनिट ओटीत धरलं जावं. कॅमेरा नको, ठिपका नको. दोन वेळा खट्ट पुरे.

सौ.च्या दुपारीबद्दल कुठलं सरकार काय करणार? ते आम्ही घरीच बसून ठरवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी २ ते ४ बाहेरची खोली तिची. घंटा चालू, रेडिओ चालू. मीटिंगमध्ये रेडिओ ऐकू गेला तर जाऊ दे, असं सून म्हणाली. मुलगा काही बोलला नाही, पण त्यानं नवा हेडफोन मागवला. मी त्या दोन तासांत बाहेर पडतो. पहिल्या मंगळवारी तिनं सवयीनं रेडिओ बारीकच लावला होता. दुसऱ्या मंगळवारी शाळेला सुट्टी होती, तेव्हा नातीनं जाऊन तो मोठा केला. सुनेच्या दारावर आता एक पाटी आहे, नातीच्या अक्षरात: 'आई कामावर'. टकटक मी मोजणं सोडलं आहे. चष्म्याचं घर गळ्यात दोरीनं अडकवून घेतलं आहे.

वही आता मुलाच्या टेबलावर असते. मी भरत नाही, तो भरतो. इन नियमित असतो. आउटचा रकाना गेल्या पंधरवड्यात दहापैकी सहा दिवस भरलेला दिसला. काल ७.२० लिहिलं होतं. ते एका रेघेनं खोडून ११.१०, आणि शेजारी त्याची सही.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
(पूर्ण नाव व पत्ता फक्त आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)